तिसरा वाढदिवस, स्पॅनिश बोलणारं घर आणि इंग्रजी आयईपी: थोडी पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या स्पेशल एज्युकेशनचा इतिहास सगळे अपंग मुलांच्या शिक्षणाच्या १९७५ च्या कायद्यापासून सुरू करतात, पण लॅटिनो, म्हणजे मूळच्या लॅटिन अमेरिकेतल्या घरांसाठी तो १९७० लाच सुरू झाला. कॅलिफोर्नियात मॉंटेरे काउंटीत ९ मेक्सिकन वंशाच्या मुलांना इंग्रजीतून आयक्यू टेस्ट देऊन ‘मतिमंद’ म्हणून वेगळ्या वर्गात टाकलेलं होतं, स्पॅनिश येणाऱ्याने परत टेस्ट घेतली तर बहुतेक जण त्या यादीत बसेचनात. केस तडजोडीत मिटली, यापुढे टेस्ट घरच्या भाषेतही घ्यायची असं ठरलं, आणि ५ वर्षांनी तोच मुद्दा केंद्राच्या कायद्यात आला. १९८२ मध्ये टेक्सासच्या केसमुळे इमिग्रेशनची कागदपत्रं नसलेल्या मुलांनाही सरकारी शाळेचं दार उघडं झालं.

लहान मुलांचं खरं प्रकरण १९८६ चं. तेव्हा ३ ते ५ वयाच्या मुलांच्या स्पेशल एज्युकेशनच्या सोयी राज्यांना टाळता येईनाशा झाल्या आणि ३ वर्षांखालच्या बाळांसाठी वेगळी योजना आली. ही योजना चांगलीच म्हणायची, थेरपिस्ट शक्यतो घरी येते, आई-आजी सगळे समोर असतात आणि प्लॅन अख्ख्या कुटुंबाचा असतो. पण तिसऱ्या वाढदिवसाला हे बदलतं. किमान ९० दिवस आधी मीटिंग, मग शाळेचं मूल्यमापन, मग आयईपी (त्या एका मुलासाठी शाळेने लेखी ठरवलेला शिक्षणाचा प्लॅन), आणि टेबलाभोवती शाळेची पाच-सहा माणसं नि एकटी आई. तिला त्याआधी बरेचदा कोणीतरी ‘घरी फक्त इंग्रजी बोला’ असंही सांगून ठेवलेलं असतं, ज्याला संशोधनाचा आधार नाही, उलट पोराचं आजीशी बोलणं तेवढं तुटतं.

२००४ मध्ये राज्यांना मुभा मिळाली की पालकांची इच्छा असेल तर आधीचाच प्लॅन किंडरगार्टनपर्यंत चालू ठेवा. मेरीलँडने ती घेतली, बाकी बहुतेकांनी नाही. माझ्या मते इथेच मोठी संधी गेली.

आता सगळ्यात गुंतागुंतीचं म्हणजे भाषांतर. कायदा म्हणतो नोटीस आणि संमती पालकांच्या भाषेत हवी, मीटिंगला दुभाषा हवा, पण आयईपीचा कागद भाषांतर करून द्याच असं त्यात कुठेच नाही!! म्हणजे तासभर स्पॅनिशमधून ऐकायचं आणि घरी न्यायचा पंधरा-वीस पानी इंग्रजी गठ्ठा. थेरपी आठवड्याला किती मिनिटं, एकट्याला की ग्रुपमध्ये, हे सगळं त्याच गठ्ठ्यात असतं, आणि कबूल केलेली मिनिटं मिळाली नाहीत तर भांडायचं कशाच्या जोरावर? २०१६ मध्ये केंद्राकडून खुलासा आला की भेदभावाला बंदी घालणाऱ्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्याखाली आयईपी महत्त्वाचा कागद आहे, तो पालकांना कळायलाच हवा. मात्र त्याच पत्रात पुढे असंही होतं की काही वेळा तोंडी पूर्ण भाषांतर किंवा भाषांतरित सारांशही चालेल, आणि ज्या शाळांना पळवाट हवी होती त्यांना ती मिळाली. शाळांची बाजूही आहे, भाषांतराला पैसा लागतो आणि स्पेशल एड समजणारे दुभाषे कमी, कित्येकदा ऑफिसमधल्या स्पॅनिश येणाऱ्या बाईंनाच बोलावतात. पण ५० वर्षांत हे सुटू नये?

दरम्यान अभ्यासकांचा वाद वेगळाच, लॅटिनो मुलांना स्पेशल एडची लेबलं उगाच लागतात की गरज असून लागत नाहीत. २०१५ नंतर ‘गरज असून लागत नाहीत’ ही बाजूही जोरात मांडली गेली. लहान वयात दोन्ही होऊ शकतं, एकाचं बोलणं ‘दोन भाषांमुळे उशीर’ म्हणून सोडून देतात आणि दुसऱ्याला नीट न तपासताच लेबल. कुटुंबांना मदत मुख्यतः पालक-केंद्रांतून आणि प्रोमोतोरांकडून झाली, म्हणजे त्यातून गेलेल्या, त्याच वस्तीतल्या बायकांकडून. तिथल्या मराठी आईबाबांनाही आयईपी मीटिंग नवीन नाही, पण त्यातल्या बहुतेकांना निदान इंग्रजी येतं.

२०२५ ने बरंच उलटं केलं. जानेवारीत शाळांजवळ इमिग्रेशनची कारवाई टाळायचं धोरण गेलं. मार्चमध्ये इंग्रजी अधिकृत भाषा झाली आणि इंग्रजी कमी येणाऱ्यांना सरकारी सेवांत भाषेची मदत देण्याचा २००० सालचा आदेश रद्द झाला. ऑगस्टमध्ये इंग्रजी शिकणाऱ्या मुलांबद्दलचं २०१५ चं मार्गदर्शनही मागे घेतलं. १९६४ आणि १९७५ चे कायदे आहेत तिथेच आहेत, त्यामुळे दुभाषा मागायचा हक्क गेलेला नाही. कॅलिफोर्नियाच्या नियमात तर पालकांनी मागितलं की आयईपीची प्रत त्यांच्या भाषेत द्यावीच लागते, फक्त मागावी लागते, आणि ती लेखी मागितलेली बरी.