नॅनोमीटरच्या शर्यतीत इंटेल कुठे अडकली

‘२ नॅनोमीटरची चिप’ अशी बातमी वाचली की डोळ्यांसमोर काहीतरी २ नॅनोमीटर रुंदीचं येतं. त्या चिपमध्ये तेवढ्या मापाचं काहीच नसतं. हा आकडा एके काळी ट्रान्झिस्टरच्या, म्हणजे चिपमधल्या सूक्ष्म स्विचच्या, मापाशी बांधलेला होता. आता ते पिढीचं नाव उरलंय, बाजारात मिरवायचं. २०२१ मध्ये अमेरिकेच्या इंटेलने आपल्या १० नॅनोमीटर प्रक्रियेच्या सुधारित आवृत्तीचं ‘इंटेल ७’ असं नव्याने बारसं केलं. त्यावर बरेच जण हसले, पण लबाडी म्हणावी तर तेही पटत नाही. तेवढ्याच जागेत किती ट्रान्झिस्टर बसतात, त्या दाटीच्या हिशेबात ती तैवानच्या टीएसएमसी या कंपनीच्या ‘७’ला खरोखरच जवळ होती. प्रश्न वेळेचा होता. टीएसएमसी तिथे २०१८ मध्येच पोचली होती.

ही शर्यत समजून घ्यायची तर नाव सोडून प्रकाशाकडे पाहावं लागतं. सिलिकॉनच्या वेफरवर, म्हणजे पातळ चकतीवर, प्रकाशाने बदलणारा लेप देतात आणि मास्कवरची, म्हणजे साच्यावरची, नक्षी भिंगांतून त्यावर उमटवतात. रेघ जितकी बारीक हवी, तितकी प्रकाशाची तरंगलांबी कमी असलेली बरी. २००० च्या आसपास १९३ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश रुळत होता आणि पुढची पायरी १५७ ची, असं सगळ्यांनी जवळपास धरूनच ठेवलं होतं. त्यासाठी कॅल्शियम फ्लोराइडची भिंगं लागणार होती आणि ती मनासारखी बनत नव्हती. २००२ मध्ये टीएसएमसीचे बर्न लिन म्हणाले, १९३ च ठेवा, फक्त भिंग आणि वेफर यांच्यामध्ये हवेऐवजी पाणी भरा. पाण्यात शिरताच त्या प्रकाशाची तरंगलांबी १३४ च्या आसपास येते, म्हणजे १५७ पेक्षाही कमी. ही नक्षी उमटवणारी यंत्रं बनवणाऱ्या नेदरलँड्सच्या एएसएमएलने ही कल्पना उचलली आणि १५७ वर ओतलेल्या पैशांवर अक्षरशः पाणी पडलं.

टीएसएमसी तोवर मोठी झाली होती, पण आघाडीवर नव्हती. १९८७ मध्ये मॉरिस चँग यांनी ती तैवानमधल्या सिंचूला काढली ती फक्त इतरांच्या चिप बनवून द्यायला, स्वतःची एकही नाही. आघाडी इंटेलचीच होती. २०१२ मध्ये माशाच्या परासारखा उभा राहणारा ट्रान्झिस्टर, म्हणजे फिनफेट, बाजारात आणणारी पहिली कंपनी तीच.

पाण्यानंतरची उडी मात्र अवघड होती: ईयूव्ही, म्हणजे अगदी टोकाचा अतिनील प्रकाश, तरंगलांबी १३.५ नॅनोमीटर. हा प्रकाश हवा पिऊन टाकते, काचही पिते. म्हणून सगळं निर्वातात करायचं आणि भिंगांच्या जागी आरसे लावायचे. प्रकाश तयार करण्याची तऱ्हा तर अचाटच आहे. वितळलेल्या कथलाचे बारीक थेंब सेकंदाला ५०,००० या गतीने सोडतात. प्रत्येक थेंबावर लेझरचा पहिला ठोका बसतो तो त्याला चपटा करायला, दुसरा त्याचा प्लाझ्मा, म्हणजे अतितप्त विद्युतभारित वायू, करायला. त्या लखलखाटातून हा प्रकाश मिळतो. एवढं यंत्र दिवसरात्र न थांबता चालवायचं म्हणजे वर्षंच्या वर्षं गेली.

यातली खरी गंमत अशी की या प्रकाशावर सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त पैसा लावला इंटेलनेच. १९९७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रयोगशाळांना हाताशी धरून संशोधन सुरू करणाऱ्या गटात ती पुढे होती. २०१२ मध्ये तिने एएसएमएलसाठी ४.१ अब्ज डॉलर कबूल केले आणि १५ टक्के हिस्सा घेतला. टीएसएमसी आणि सॅमसंगने घेतलेला हिस्सा याहून बराच कमी होता.

आणि १० नॅनोमीटरची आखणी करताना ईयूव्ही तयार नव्हतं, म्हणून इंटेलने १९३ च्या जुन्याच प्रकाशावर काम रेटायचं ठरवलं. त्यातही १४ नॅनोमीटरच्या २.७ पट दाटी एका दमात गाठायची, शिवाय आतल्या काही तारांना तांब्याऐवजी कोबाल्ट वापरायचं. एकाच थरातली नक्षी अनेक टप्प्यांत पाडायची म्हणजे प्रत्येक टप्पा आधीच्यावर तंतोतंत बसला पाहिजे. नाही बसला की यील्ड, म्हणजे वेफरमागे धड निघणाऱ्या चिपचं प्रमाण, कोसळतं. तसंच झालं. २०१६ चा वायदा २०१९ वर गेला.

इथे टीएसएमसीला उगाच द्रष्टेपण चिकटवू नये. तिची पहिली ७ नॅनोमीटर प्रक्रियाही जुन्याच प्रकाशावर होती. पण तिने घास लहान घेतला आणि ॲपलच्या दरवर्षीच्या मोठ्या ऑर्डरवर हात बसवला. मग २०१९ मध्ये मोजक्या थरांपुरतं ईयूव्ही आणलं. सॅमसंगने त्याच्या आदल्या वर्षीच ७ नॅनोमीटरला ईयूव्ही लावल्याचं जाहीर केलं होतं. इतरांच्या चिप बनवणाऱ्याच ग्लोबलफाउंड्रीजने ऑगस्ट २०१८ मध्ये ७ नॅनोमीटरचं काम सोडून दिलं. चीनला तर ईयूव्हीचं यंत्र विकत मिळतच नाही. २०२३ मध्ये ह्युआवेच्या फोनमध्ये निघालेली चिनी कंपनी एसएमआयसीची ७ नॅनोमीटर चिप पुन्हा जुन्या प्रकाशाचेच अनेक हात फिरवून केलेली होती. जमतं ते, पण महागात पडतं.

इंटेलची ईयूव्हीवरची पहिली चिप बाजारात आली २०२३ च्या डिसेंबरात. त्याच सुमारास एएसएमएलचं पुढच्या पिढीचं, आणखी बारीक रेघ काढणारं हाय-एनए नावाचं ईयूव्ही यंत्र जगात सर्वात आधी तिनेच ऑरेगनला उतरवून घेतलं. टीएसएमसीने २०२४ मध्ये सांगितलं की आपल्या ए-१६ या पुढच्या प्रक्रियेला त्याची गरज नाही, हाताशी आहे त्यावर भागेल. जवळपास हाच हिशेब इंटेलने १० नॅनोमीटरच्या वेळी केला होता.