गोल्फपटूंची शारीरिक तयारी व दुखापती

गोल्फच्या फटक्याला लागणारी ताकद, लवचिकता व दम कमावण्यासाठी आणि तोच फटका पुन्हा पुन्हा मारल्याने होणाऱ्या दुखापती टाळण्यासाठी करायचा व्यायाम. चेंडू जागच्या जागी, अंगाला अंग लागत नाही, मधे फक्त चालायचे. त्यामुळे हा खेळ अंगाला तोशीस न देणारा वाटतो. ही समजूत फसवी आहे. वर नेलेला क्लब (चेंडू मारायची काठी) चेंडूपर्यंत खाली यायला साधारण पाव सेकंद लागतो आणि तेवढ्यात व्यावसायिक पुरुष खेळाडूच्या क्लबचे टोक ताशी 180 किमी.च्या आसपास वेग गाठते. अशा फटक्यात कमरेच्या मणक्यांवर शरीराच्या वजनाच्या आठपटीपर्यंत दाब मोजला गेला आहे. शिवाय 18 होलच्या (चेंडू घालायच्या खळग्यांच्या) डावात आठ-दहा किमी. चालणे होते, ते वेगळेच.

दुखण्याचे मूळ बहुधा एकच असते. कमरेच्या पाचही मणक्यांना मिळून एका बाजूला जेमतेम 10 ते 15 अंश वळता येते. फटक्याचे वळण यायला हवे पाठीच्या वरच्या भागातून आणि खुब्यातून. दिवसभर पेढीवर किंवा संगणकापुढे बसणाऱ्याचे नेमके हेच दोन भाग आखडलेले असतात. मग राहिलेले वळण कंबर आपल्या अंगावर घेते आणि एक दिवस उसण भरते. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा खुबा आतल्या बाजूला पुरेसा वळत नसेल, तर कंबरदुखीची शक्यता अधिक, असे आढळले आहे. अमेरिकी गोल्फपटू टायगर वुड्सच्या पाठीवर 2014 पासून एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या, 2017 मध्ये मणके सांधावे लागले. त्यानंतर 2019 ची मास्टर्स ही गोल्फमधली मानाची स्पर्धा त्याने जिंकली. हौशी खेळाडूंना यातली जिंकण्याची गोष्ट तेवढी लक्षात राहते.

कंबरेखालोखाल कोपर आणि मनगट. कोपराच्या आतल्या बाजूच्या दुखण्याला ‘गोल्फर्स एल्बो’ म्हणतात खरे, पण गोल्फपटूंमध्ये बाहेरच्या बाजूचे, टेनिसच्या नावाने ओळखले जाणारे दुखणेही सर्रास आढळते. क्लब फार आवळून धरणे आणि चेंडूआधी जमिनीत क्लब हाणणे ही दोन्हींची नेहमीची कारणे. जमिनीवर फटका बसल्यावर तळहातात करंगळीच्या बाजूला दुखत राहिले, तर तिथल्या लहानशा हाडाचा आकड्यासारखा वळलेला भाग मोडलेला असू शकतो. साध्या एक्स-रेमध्ये तो पुष्कळदा दिसत नाही, सीटी स्कॅन करावा लागतो. नवशिके एकदम बादल्याच्या बादल्या चेंडू मारतात, तेव्हा बरगडीला बारीक तडा जातो आणि ती पाठीची लचक समजून शेकली जाते.

सोलापुरात या तयारीसाठी परके साहित्य आणण्याची गरज नाही. तालमीतली मुद्गलांची जोडी खांदे आणि पाठीचा वरचा भाग मोकळा करते, बैठकांनी मांड्या व नितंब भरतात. मात्र जोडी हलकी घ्यावी. पैलवानाच्या वजनाची घेतली तर खांदा जायचा. जोर काढताना कंबर खोलगट होते, म्हणून जुने कंबरदुखीवाले त्याऐवजी कोपरांवर तोललेला फळीसारखा ताठ आडवा व्यायाम करतात. त्याच्या जोडीला एका पायावर उभे राहणे, खुब्याचे ताण आणि दोन्ही बाजूंना वळणे हवे. फटका एकाच बाजूने मारला जात असल्याने उलट्या बाजूच्या वळणाला विशेष महत्त्व आहे.

सोलापूरकराची खास अडचण प्रवासाची. पुण्यात येरवड्याच्या पूना क्लबच्या मैदानावर खेळायचे, तर सुमारे अडीचशे किमी. गाडीत बसून जावे लागते. गाडीतून उतरून थेट ड्रायव्हर (लांब फटक्याचा सर्वांत मोठा क्लब) हातात घेणे हा दुखापतीचा सरळ रस्ता. वाटेत एकदा तरी उतरून पाय मोकळे करावेत; मैदानावर दहा मिनिटे झपाझप चालून, खुबे-खांदे फिरवून, आधी छोट्या क्लबचे अर्धे फटके मारावेत आणि ड्रायव्हर शेवटी काढावा. सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत उंच, जड नंदीध्वज पेलणारे कितीतरी दिवस आधी सराव सुरू करतात, संक्रांतीला उठून कोणी तो खांद्यावर घेत नाही, हे इथे पोरासोरांनाही ठाऊक असते. गोल्फच्या बाबतीत तेच शहाणपण का आठवत नाही, कोण जाणे.

गावातच मोकळ्या रानात सराव करणाऱ्यांनी जमीन पाहावी. उन्हाळ्यात काळी माती दगडासारखी टणक होते आणि चुकलेल्या फटक्याचा हादरा थेट मनगटात येतो; हरळीचा दाट थर असेल तिथेच लोखंडी क्लब चालवावेत. एप्रिल-मेमध्ये पारा 40 अंशांवर असतो, तेव्हा ऊन चढण्याआधी सराव आटोपावा आणि तहान लागण्याची वाट न पाहता पाणी, मिठाचे ताक पीत राहावे. डोके गरगरले, घाम थांबला किंवा बोलणे बरळल्यासारखे झाले, तर सावलीत नेऊन अंग भिजवावे व तातडीने दवाखाना गाठावा. कंबरदुखीबरोबर पाय बधिर पडला किंवा लघवीवरचा ताबा गेला, तरी तातडीने दवाखानाच गाठावा.

दुखापतीनंतर परतताना आधी छोटे फटके, मग अर्धा आणि शेवटी पूर्ण स्विंग असा क्रम काही आठवड्यांत गाठतात. पटिंग (चेंडू हळूच ढकलून खळग्यात घालणे) सर्वांत हलके म्हणून तासभर ओणवे राहून तेच करत बसणाऱ्याची कंबर मात्र पुन्हा तिथेच धरते.