मूत्रमार्गालगतची थैली

लघवी करून बाई उठते, चार पावलं टाकते आणि कपडा ओला होतो. खोकला आलेला नाही, ओझं उचललेलं नाही, तरी थेंब गळतात. लघवी करताना आग होते ती वेगळीच. नवऱ्याजवळ जायचं म्हटलं की जीव घाबरतो, इतकं दुखतं. पण ही तक्रार ती आपणहून सांगत नाही, विचारावी लागते. मराठवाड्यात शिमगा आला की लघवीची जळजळ म्हणजे उन्हाळी, हे घरातच ठरून जातं. धन्याजिऱ्याचं पाणी होतं, सबजा होतो, मग गावातल्या दवाखान्यातून पाच दिवसांच्या गोळ्या येतात. बरं वाटतं. महिना-दोन महिन्यांनी पुन्हा तेच.

बहुतेक बायकांना झालेला असतो तो मूत्राशयाचा साधा जंतुसंसर्ग, आणि गोळ्यांनी तो खरोखर बरा होतो. काही जणींच्या बाबतीत मात्र जंतूंना दडून बसायला मूत्रमार्गालगत एक पोकळी तयार झालेली असते. डॉक्टरी भाषेत ती युरेथ्रल डायव्हर्टिक्युलम. आपण तिला थैली म्हणू.

या थैलीचा गर्भपिशवीशी काहीही संबंध नाही. हे आधीच सांगायला हवं, कारण आपल्या भागात कमरेखालच्या कुठल्याही दुखण्यावर ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला फार सहज दिला जातो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची 2019 मध्ये सरकारी पाहणी झाली, तेव्हा सुमारे 82 हजार जणींपैकी 13 हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. गर्भपिशवी काढल्याने मूत्रमार्गालगतची थैली जागची हलत नाही. बाईला एक मोठं ऑपरेशन सोसावं लागतं आणि जळजळ तशीच राहते.

बाईचा मूत्रमार्ग जेमतेम 3 ते 4 सेंटीमीटर लांबीचा. त्याची मागची बाजू योनीच्या पुढच्या भिंतीला अगदी लागून असते. या मार्गाभोवती बारीक ग्रंथी असतात. 1880 मध्ये अलेक्झांडर स्कीन यांनी त्यांतल्या दोन ठळक ग्रंथींचं वर्णन केलं, म्हणून त्यांना स्कीनच्या ग्रंथी म्हणतात. अशा एखाद्या ग्रंथीचं तोंड संसर्गाने बुजलं की आत पू साचतो, गळू होतं, आणि ते बाहेर न फुटता मूत्रमार्गात फुटतं. पू निघून जातो, भोक मात्र राहतं. मग दर लघवीला थोडी लघवी त्या पोकळीत शिरते आणि उठल्या-चालल्यावर थेंबाथेंबाने बाहेर येते. साचलेल्या लघवीत जंतू वाढतात, कधी आत खडाही बनतो. क्वचित थैलीच्या अस्तरात कर्करोग होतो. थैली काही मिलिमीटरची असू शकते किंवा काही सेंटीमीटरची. कधी ती मूत्रमार्गाला अर्धा वेढा घालून बसते. तिशी ते साठीच्या दरम्यान हा आजार जास्त सापडतो.

जळजळ, संबंधाच्या वेळी दुखणं आणि लघवीनंतरचे थेंब ही तीन लक्षणं पुस्तकात एकत्र दिलेली असतात. प्रत्यक्षात तिन्ही एकत्र असलेली रुग्ण कमीच भेटते. कुणाला नुसती वारंवार घाई होते, कुणाला आंघोळीच्या वेळी हाताला गाठ लागते. म्हणून हाताने केलेल्या तपासणीला पर्याय नाही. डॉक्टर योनीच्या पुढच्या भिंतीवर बोट ठेवून आतून बाहेरच्या दिशेला हलकेच दाबत आणतात. बाई कळवळते, आणि त्याच वेळी लघवीच्या तोंडाशी गढूळ पाण्याचा किंवा पुवाचा एक थेंब उमटतो. त्या एका थेंबाने वर्षानुवर्षांच्या गोळ्यांचा उलगडा होऊ शकतो. दोन मिनिटांची ही तपासणी टेबलावर झोपवल्याशिवाय होत नाही, आणि गर्दीच्या ओपीडीत नुसत्या सांगण्यावरून चिठ्ठी लिहिली जाते ती इथेच नडते.

इंग्लंडमधल्या लीड्सचे सर्जन विल्यम हे यांनी 1805 मध्ये या आजाराची नोंद केली होती, तरी पुढची दीडशे वर्षं तो दुर्मीळच समजला जात होता. 1956 मध्ये डेव्हिस आणि सियान यांनी दोन फुगे असलेली नळी वापरून, मूत्रमार्गात दाबाने औषध भरून एक्सरे काढायची पद्धत सांगितली. औषध थैलीत शिरलं की ती फिल्मवर दिसायची. लगेच 1958 मध्ये अशा 121 रुग्णांचा अहवाल छापून आला. दोन वर्षांत आजार काही एकाएकी वाढलेला नव्हता. शोधायचं साधन हाती आलं होतं. आज ते काम एमआरआय सर्वांत चांगलं करतो. थैली केवढी आहे, कुठल्या बाजूला आहे, वेढा घातलाय का, हे सर्जनला टेबलावर जाण्याआधीच कळतं. योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीतही ती बरेचदा सापडते. पोटावरून केलेली सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून थैली नाही, असं धरून चालू नये.

फुगलेली गाठ पाहून कुणी ‘अंग बाहेर आलंय’ असं समजतं, कुणी साधी गाठ म्हणून चिरा देतं. चिऱ्याने पू निघतो, पण थैलीचं तोंड मूत्रमार्गात उघडंच असतं. ती पुन्हा भरते, किंवा चिऱ्यातूनच लघवी गळायला लागते.

थैली लहान आहे, त्रास नाही, तर लक्ष ठेवून थांबता येतं. गरोदरपणात बहुधा थांबतातच. मार्गाच्या अगदी तोंडाशी असलेली थैली नुसती योनीकडे उघडी करून ठेवायची सोपी पद्धत स्पेन्स आणि डकेट यांनी 1970 मध्ये सांगितली. थैली आतल्या भागात असेल तर ही पद्धत चालत नाही, कारण लघवी धरून ठेवणारा स्नायू कापला जाण्याची भीती असते. बाकी सगळ्यांसाठी खरा इलाज म्हणजे थैली काढणं. त्याआधी संसर्ग औषधांनी आटोक्यात आणावा लागतो, कारण सुजलेल्या मांसात टाका धरत नाही.

पोटावर काप नसतो. मूत्रमार्गात नळी घालतात आणि योनीच्या पुढच्या भिंतीवर कमानदार छेद घेऊन कातडीचा पदर उचलतात. त्याखाली मूत्रमार्गाभोवतीचं एक पातळ पण चिवट आवरण लागतं. ते आडवं कापून वरखाली अलगद सोडवायचं आणि जपून ठेवायचं, कारण शेवटी तेच कामाला येतं. मग थैली. वर्षानुवर्षं सुजून ती चहूबाजूंनी चिकटलेली असते; कणाकणाने सोडवत तिच्या तोंडापर्यंत जावं लागतं. तोंड कापून थैली वेगळी केली की मूत्रमार्गाच्या भिंतीत भोक दिसतं आणि भोकातून आतल्या नळीचं पिवळं रबर दिसतं. इथे घाई करून मांस जास्त कापलं तर मार्ग आकसतो, आणि तोंडाचा भाग मागे राहिला तर थैली पुन्हा होते.

पहिला थर मूत्रमार्गाचा, विरघळणाऱ्या बारीक दोऱ्याने उभा शिवतात. त्यावर जपून ठेवलेलं आवरण आडवं. त्यावर योनीचा पदर. गवंडी विटांचे सांधे एकावर एक येऊ देत नाही, तसं इथे एका थराची शिवण दुसरीवर येऊ द्यायची नसते. शिवणी एका रेषेत आल्या तर लघवीला बाहेर यायला सरळ वाट मिळते. आवरण विरलेलं असेल किंवा थैली फार मोठी असेल, तर मधे मार्टियस फ्लॅप घालतात. जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ हाइनरिश मार्टियस यांनी 1928 मध्ये सांगितलेली ही युक्ती आजही वापरतात: योनीच्या बाहेरच्या ओठातल्या चरबीचा पट्टा त्याच्या रक्तवाहिनीसकट फिरवून शिवणीवर बसवायचा. काढलेली थैली पॅथॉलॉजी तपासणीला पाठवलीच पाहिजे, दिसायला कितीही साधी असली तरी.

धोके आहेत. वेगवेगळ्या अहवालांत मूत्रमार्ग आणि योनी यांच्यात भोक राहण्याचं प्रमाण सुमारे 1 ते 8 टक्के आहे, तर खोकताना नव्याने लघवी सुटू लागण्याचं 2 ते 16 टक्के. ज्यांची लघवी आधीपासूनच खोकताना सुटते, त्यांना त्याच वेळी स्वतःच्या पोटाच्या स्नायूवरच्या आवरणाची पट्टी लावून मूत्रमार्गाला आधार देता येतो. कृत्रिम जाळीची पट्टी मात्र या ऑपरेशनसोबत लावू नये. नुकत्याच शिवलेल्या मूत्रमार्गात ती रुतू शकते.

नंतरचा काळ घरच्यांनी समजून घ्यायचा आहे. लघवीची नळी साधारण 2 ते 3 आठवडे राहते. ती काढण्याआधी किंवा काढताना औषध भरून एक्सरे घेतात, शिवण गळत नाही ना हे पाहण्यासाठी. निदान सहा आठवडे जड उचलायचं नाही, आणि डॉक्टर सांगतील तोवर संबंध नाहीत. आगाऊ उचल घेऊन कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, गेलेल्या बाईला हे पाळणं शक्य नाही. उसाची मोळी डोक्यावर चढली की शिवणीवर ताण आलाच. हे ऑपरेशन सहसा तातडीचं नसतं, त्यामुळे हंगाम संपून बिऱ्हाड गावी परतल्यावरची तारीख मागून घ्यावी. संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात किंवा अंबाजोगाई, लातूर, नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत स्त्रीरोग विभागात आधी तपासून घ्यावं आणि तिथून मूत्ररोगतज्ज्ञाकडे चिठ्ठी मागावी. अशी ऑपरेशनं स्वतः करणाऱ्या सर्जनकडेच जावं, मग त्यासाठी संभाजीनगर किंवा पुण्याला जावं लागलं तरी चालेल. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी विचारावं.