पीसीचे फॅन शांत कसे होत गेले

शांत फॅन घ्यायचाय म्हणून बघायला लागलं की आरपीएम (मिनिटाला फेरे), डीबीए (आवाजाची पातळी), पीडब्ल्यूएम, एफडीबी असे शब्द अंगावर येतात, आणि मग सगळ्यात कमी डीबीए लिहिलेला फॅन घेऊन आपण मोकळे होतो. पण हे शब्द एकेका अडचणीतून आलेत, आणि ती अडचण कळली की निवड खरंच सोपी होते, म्हणून जरा मागे जाऊया.

१९८१ च्या आयबीएम पीसीत ४.७७ मेगाहर्ट्झचा ८०८८ प्रोसेसर होता, त्याच्यावर फॅन सोडाच, साधा हीटसिंकपण (उष्णता पसरवणारे धातूचे पत्रे) नव्हता. फॅन एकच, एसएमपीएसमध्ये, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यात. शांततेचा हट्ट मात्र त्याच्याही आधीचा. स्टीव्ह जॉब्सना फॅनचा आवाज नकोच असायचा, आणि १९८० चा ॲपल थ्री बिनफॅनचा निघाला, तो तापायचा, आतल्या चिपा सॉकेटमधून सैल व्हायच्या, आणि उपाय काय तर मशीन थोडं उचलून टेबलावर आपटा! फॅन काढून टाकला म्हणून उष्णता कुठे जात नाही, हे तेव्हाच दिसलं होतं.

प्रोसेसरवर फॅन बसायला लागला तो ४८६ प्रोसेसरच्या काळाच्या शेवटाला आणि १९९३ च्या पहिल्या पेंटियमपासून. ५ व्होल्टवर चालणारी ती चिप साधारण १५ वॉट खायची, छोटासा फॅन पुरायचा. पण २००१ मध्ये १.४ गिगाहर्ट्झचा एएमडीचा ॲथलॉन प्रोसेसर ७२ वॉटवर पोचला आणि प्रोसेसर बसतो त्या सॉकेटवरची जागा तेवढीच राहिली, म्हणजे ६० मिलिमीटरचाच फॅन बसणार. मग करणार काय, वेग वाढवला. डेल्टा कंपनीचे ७००० आरपीएमवाले फॅन त्या काळातल्या लोकांना अजून आठवतात. मिनिटाला ७००० फेरे आणि ७ पाती म्हणजे सेकंदाला आठशेवर वेळा पातं हवा कापतंय, तो किंचाळल्यासारखा सूर डोक्यातच जातो. घरच्या पहिल्या असेंबल्ड पीसीचा आवाज मला आठवतो, रात्री बंद केला की शेजारच्या खोलीतलं घड्याळ ऐकू यायचं.

आता यातलं गणित, कारण सगळी गंमत इथे आहे. फॅनचा वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. आणि तशाच घडणीचा फॅन दुप्पट मोठा केला तर त्याच वेगाला हवा आठपट. म्हणजे ६० मिमीचा ७००० वर जेवढी हवा देतो तेवढी १२० मिमीचा कागदावर ९०० च्या आतच देऊन टाकतो. मग पहिल्यापासून मोठेच फॅन का नाही लावले? तर हवेचा दाब. त्या हिशोबात दाब सोळापट कमी होतो, आणि जुन्या हीटसिंकच्या दाट पत्र्यांतून एवढ्या कमी दाबाची हवा जातच नाही. त्यामुळे फॅन शांत व्हायला आधी हीटसिंक बदलावे लागले, हीटपाइप (उष्णता वाहून नेणारी बंद नळी) घालून उष्णता वर न्यायची आणि तिथे मोठे, विरळ पत्रे लावायचे. मला विचाराल तर शांत पीसीचं निम्मं श्रेय हीटपाइपचं, फॅनचं नाव उगाच पुढे येतं.

तोपर्यंत लोक जुगाड करायचे. फॅनची एक वायर १२ व्होल्टच्या पिवळीला, दुसरी ५ व्होल्टच्या लालला, मधे उरले ७ व्होल्ट, फॅन हळू आणि शांत. पण सगळे फॅन ७ व्होल्टवर सुरू व्हायचेच असं नाही, आणि न फिरलेला फॅन म्हणजे जळालेला प्रोसेसर. कोरियाची झालमन कंपनी १९९९ पासून शांत कूलिंगच्याच मागे लागलेली होती, तिचे फुलासारखे उलगडलेले तांब्याचे कूलर लोक हौसेने लावायचे.

२००४ मध्ये इंटेलचा प्रेस्कॉट प्रोसेसर आला, शंभर वॉटच्या वर जाणारा, आणि त्याच सुमाराला एलजीए ७७५ सॉकेटबरोबर चार पिनचा फॅन. चौथ्या पिनवर २५ किलोहर्ट्झचा सिग्नल जातो, हाच तो पीडब्ल्यूएम, माणसाच्या कानाच्या वरचा, म्हणून तो स्वतः ऐकू येत नाही. फॅनला १२ व्होल्ट पूर्ण मिळतात आणि वेग सिग्नलवर ठरतो, त्यामुळे हळू चालवला तरी अडकायची भीती कमी. २००६ चा कोअर टू ड्युओ ६५ वॉटवर आला तेव्हा कुठे सगळ्यांनी सुस्कारा सोडला.

मग वाऱ्याचा आवाज उतरला तसा बेअरिंगचा ऐकू यायला लागला. बॉल बेअरिंग टिकाऊ पण घरघरतं, साधं स्लीव्ह नवं असताना शांत पण तेल सुकलं की खरखर, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात, धुळीत, ते लवकर सुकतं. एफडीबीत, म्हणजे फ्लुइड डायनॅमिक बेअरिंगमध्ये, दांडा तेलाच्या थरावर तरंगतो, म्हणून दोन्हीतलं बरं ते मिळतं. ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआ कंपनीने २०१८ च्या एनएफ-ए१२एक्स२५ फॅनमध्ये पातं आणि चौकटीतली फट अर्ध्या मिलिमीटरवर आणली, त्यासाठी उष्णतेने फारसं न ताणलं जाणारं खास प्लास्टिक वापरलं, कारण पातं थोडं जरी लांबलं तरी घासणार.

म्हणून बॉक्सवरचा डीबीए मी शेवटी बघतो. तो आकडा बहुतेकदा मोकळ्यात धरलेल्या फॅनचा असतो, कॅबिनेटच्या बारीक जाळीमागे तोच फॅन वेगळाच आवाज करतो. १२० किंवा १४० मिमी, चार पिन, एफडीबी, आणि मदरबोर्डच्या बायोसमध्ये (सुरुवातीच्या सेटिंगमध्ये) फॅन कर्व्ह, म्हणजे किती तापमानाला किती वेग तो आलेख, हळूहळू चढणारा ठेवायचा. नागपुरात मे महिन्यात खोलीच ४० च्या आसपास असते, तेव्हा थंडीत लावलेला कर्व्ह चालत नाही, फॅन सारखा वर-खाली होतो, आणि एकसारख्या आवाजापेक्षा हे वर-खाली होणंच जास्त त्रास देतं, त्यामुळे उन्हाळ्यात सुरुवातीचाच वेग थोडा वाढवून ठेवा, बायोसमध्ये वेग बदलायला काही सेकंदांचा उशीर लावायची सोय असली तर तीपण चालू करा.