स्फटिकाविना प्रथिन : क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीची पार्श्वभूमी

प्रथिनाचा रेणू साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही, कारण तो प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा फारच लहान असतो. म्हणून आधी क्ष-किरणांची वाट धरली गेली; क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी, म्हणजे गोठवलेला नमुना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची पद्धत, बरीच नंतर आली. १९३४मध्ये केंब्रिजला बर्नाल आणि डोरोथी क्रोफूट (पुढच्या हॉजकिन) यांनी पेप्सिनचा स्फटिक कोरडा पडू न देता त्यावर क्ष-किरण सोडले आणि ठिपक्यांची रेखीव नक्षी मिळवली. त्या नक्षीवरून रेणूची घडण वाचायला मात्र पूर्ण दोन तपे गेली. केंड्र्यू यांनी मायोग्लोबिनचा पहिला ढोबळ आराखडा मांडला तो १९५८मध्ये. प्रथिनांच्या रचनांचा सार्वजनिक संग्रह, प्रोटीन डेटा बँक, १९७१मध्ये सुरू झाला तेव्हा त्यात जेमतेम सात रचना होत्या.

अडचण स्फटिकाचीच होती; तो नसेल तर क्ष-किरणांची ती नक्षी मिळत नाही. पेशीच्या पटलात रुतलेली प्रथिने, म्हणजे कितीतरी औषधांची लक्ष्ये, स्फटिकरूप धरायला सहसा तयार नसतात. संशोधकांची उमेदीची वर्षे नुसता स्फटिक बनवण्यात खर्ची पडत.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक तर १९३१पासून होता. पण त्याच्या आत निर्वात पोकळी असते. तिथे ओल्या नमुन्यातले पाणी उडून जाते आणि उरलेला रेणू इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने मोडतो. हेंडरसन आणि अनविन यांनी १९७५मध्ये पाण्याऐवजी ग्लुकोजचे द्रावण वापरले, मारा अगदी कमी ठेवला आणि बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन या पटलातल्या प्रथिनाचे सात सर्पिल दाखवले. मात्र हे प्रथिन पटलात मुळातच ओळीने मांडलेले असते; प्रत्येक प्रथिनाच्या बाबतीत अशी सोय कुठून मिळणार?

खरी कोंडी फोडली ती जाक दुबोशे यांनी, हायडेलबर्गच्या प्रयोगशाळेत. पाणी गोठवले तर ते उडणार नाही, हे कुणालाही सुचेल. पण सावकाश गोठलेल्या पाण्याचे स्फटिक होतात, ते इलेक्ट्रॉन विखुरतात आणि नमुन्याचीही नासधूस करतात. दुबोशे आणि मॅकडोवाल यांनी पाणी इतक्या झपाट्याने थंड केले की रेणूंना रांगेत लागायला उसंतच मिळाली नाही, आणि बर्फ काचेसारखा झाला. त्यासाठी द्रवरूप इथेन वापरले जाते. द्रवरूप नायट्रोजन जवळपास तितकाच थंड असतो, पण नमुना बुडताच तो उकळतो. भोवती वायूचे आवरण तयार होते आणि उष्णता लवकर बाहेर पडत नाही. म्हणून नायट्रोजनने इथेन थंड करायचे आणि नमुना इथेनमध्ये टाकायचा. १९८४मध्ये या पद्धतीने टिपलेली विषाणूंची चित्रे प्रसिद्ध झाली. या सगळ्या कथेत मला सर्वांत मोलाची वाटते ती ही साधी, ओलीचिंब युक्ती.

इलेक्ट्रॉनांचा मारा कमी, म्हणून चित्रे धूसर. योआखिम फ्रँक यांनी वेगवेगळ्या कोनांतून दिसणाऱ्या हजारो रेणूंच्या चित्रांची वर्गवारी करून, त्यांची सरासरी काढून त्रिमितीय आकार उभा करण्याचे गणित विकसित केले. तरीही बरीच वर्षे हाती आकारहीन गोळेच येत, आणि स्फटिकवाले त्यांची थट्टा करत. २०१२-१३च्या सुमारास इलेक्ट्रॉन थेट टिपणारे संवेदक आले. ते एका फोटोऐवजी चित्रफीतच घेतात, त्यामुळे माऱ्याखाली रेणू हलला तरी नंतर दुरुस्ती करता येते. २०१३मध्ये टीआरपीव्ही१ हे उष्णता आणि मिरचीचा तिखटपणा ओळखणारे प्रथिन स्फटिकाविना ३.४ अँगस्ट्रॉमपर्यंत (अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) उलगडले. २०१७चे रसायनशास्त्राचे नोबेल दुबोशे, फ्रँक आणि हेंडरसन यांना मिळाले. करोना विषाणूचा जनुकीय क्रम जानेवारी २०२०मध्ये जाहीर झाला आणि त्याच्या काटेरी प्रथिनाची रचना याच पद्धतीने फेब्रुवारीतच प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी ॲपोफेरिटिनचे अणू सुटे सुटे दिसले. अर्थात, ॲपोफेरिटिन हे अतिशय टणक आणि सममित प्रथिन. त्यावरून बाकीच्यांबद्दल फार आशा बाळगू नये.

अल्फाफोल्डसारख्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणाली आता अमिनो आम्लांच्या क्रमावरून रचनेचे भाकीत करतात, पण त्या शिकल्या त्याच डेटा बँकेतल्या प्रायोगिक रचनांवर. भाकीत बहुधा एकाच ठेवणीचे मिळते. रेणू काम करताना कसा वळतो, कुठे उघडतो, हे त्यातून पुरेसे कळत नाही. प्रयोगाच्या बाजूलाही अडचणी आहेतच. लहान प्रथिने गोंगाटात हरवतात. नमुन्याच्या पातळ थरात हवा आणि पाण्याच्या सीमेवर आपटून काही रेणूंची घडी विस्कटते, तर काही एकाच कुशीवर पडून राहतात आणि उरलेल्या बाजू दिसतच नाहीत. शिवाय यंत्रे इतकी महाग आहेत की अनेक प्रयोगशाळांना दुसऱ्यांच्या यंत्रावर वेळ मागावा लागतो.

सगळ्यांत अवघड काम पेशीच्या आत आहे. गोठवलेली पेशी आयनांच्या झोताने कोरून शे-दोनशे नॅनोमीटर जाडीचा काप उरवायचा, तो तिरपा करत करत चित्रे घ्यायची आणि त्या दाटीतून हवा तो रेणू ओळखायचा. रायबोसोमसारखे (पेशीत प्रथिने बनवणारे यंत्र) मोठे रेणू असे सापडतात. पेशीतली बहुतेक प्रथिने त्यापेक्षा बरीच लहान असतात आणि ती अजून या कापांमध्ये ओळखू येत नाहीत.