संघ शहराचा, खेळाडू लीगचा: अमेरिकेतल्या व्यावसायिक सॉकरची पार्श्वभूमी

नोव्हेंबर २०२५ मध्ये मेजर लीग सॉकर या अमेरिकेच्या अव्वल सॉकर लीगच्या मालकमंडळींनी वेळापत्रक बदलायचे ठरवले. (सॉकर म्हणजे आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो खेळ; अमेरिकन फुटबॉल हा तिथला निराळाच खेळ.) फेब्रुवारीअखेर सुरू होऊन डिसेंबरात आटोपणारा हंगाम २०२७ पासून युरोपातल्यासारखा जुलैत सुरू होऊन पुढच्या मे महिन्यात संपेल. ही बातमी आली आणि अमेरिकी माणसाला हा खेळ मुळात आवडतो का, हा जुना वाद पुन्हा वर आला. गेली पन्नास वर्षे तो घातला जातोय आणि दर वेळी भलत्याच जागी घातला जातोय. खेळ बघणाऱ्यांची तिथे कधी फारशी वानवा नव्हती. देशी लीगशी त्यांचे सूत जुळायला मात्र वेळ लागला, अजूनही ते पुरते जुळलेले नाही, आणि त्याची बरीचशी कारणे लीगच्या जन्मकुंडलीतच सापडतात.

फार मागे जायची गरज नाही. १९२०च्या दशकात पेन्सिल्व्हेनियातल्या पोलाद कारखान्याचा आणि मॅसॅच्युसेट्समधल्या फॉल रिव्हर या गिरणगावाचा असे तगडे संघ होते. स्कॉटलंडहून खेळाडू आणून त्यांना चांगले पैसे मोजले जात. १९२८ मध्ये लीग आणि राष्ट्रीय महासंघ यांच्यात चषकस्पर्धेवरून भांडण जुंपले, पाठोपाठ महामंदी आली आणि सगळा डोलारा बसला. अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाने १९३०च्या पहिल्या विश्वचषकात गाठलेली उपांत्य फेरी आणि १९५०च्या विश्वचषकात बेलो होरिझोन्तेला इंग्लंडवर मिळवलेला १-० विजय सगळ्यांना ठाऊक आहे. त्या विजयाने देशात काहीही बदलले नाही, एवढेच इथे नोंदवायचे.

१९६७ मध्ये एकदम दोन लीग सुरू झाल्या आणि वर्षअखेरीस त्या एक झाल्या. १९६८ मध्ये सतरा संघ उतरले, १९६९ मध्ये पाच उरले. तरीही मालकांचा धीर सुटला नाही. १९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या संघाने तीन विश्वचषक जिंकलेला ब्राझीलचा खेळाडू आणला आणि चित्र पालटले. १४ ऑगस्ट १९७७ ला न्यू जर्सीच्या मेडोलँड्समध्ये बाद फेरीचा सामना बघायला ७७,६९१ लोक आले होते. अमेरिकी लोकांना सॉकर कळत नाही म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. घोटाळा झाला तो पुढे. १९७८ मध्ये लीग थेट २४ संघांवर गेली, न्यूयॉर्कची बरोबरी करायला बाकीच्यांनी उतारवयातले युरोपीय तारे आणले, आणि ज्यांच्याकडे तेवढा पैसा नव्हता ते एकेक करत बंद पडले. टीव्हीनेही पाठ फिरवली. १९८४चा हंगाम नऊ संघांवर झाला आणि तोच शेवटचा ठरला.

ही पडझड समजली नाही तर नंतरचे काही समजत नाही. ४ जुलै १९८८ ला १९९४चा विश्वचषक अमेरिकेला मिळाला, तो देशात अव्वल दर्जाची व्यावसायिक लीग उभी करण्याच्या आश्वासनावर. विश्वचषकाला गर्दी अफाट झाली. ५२ सामन्यांना मिळून ३५ लाख ८७ हजारांहून जास्त प्रेक्षक आले, म्हणजे सामन्यामागे सरासरी ६९ हजारांच्या आसपास. २०२२ पर्यंतच्या एकाही विश्वचषकाला एकूण प्रेक्षकसंख्येत हा आकडा गाठता आला नाही. आता लीग काढायची होती आणि पैसे घालणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर १९८४ होते.

तेव्हा काढलेली तोड अशी. संघांचे स्वतंत्र मालक ठेवायचेच नाहीत. १९९५ मध्ये एकच कंपनी स्थापन झाली. सगळे संघ त्या कंपनीचे, सगळ्या खेळाडूंचे करार त्या कंपनीशी, पगारही तिच्याच तिजोरीतून. ज्याला बाहेरचे लोक संघाचा मालक म्हणत तो कागदोपत्री कंपनीचा भागधारक आणि एका संघाचा चालक. कोणता मोठा खेळाडू कुठे जाणार हे बऱ्याच अंशी लीगचे कार्यालय ठरवी. कारभार एकत्र कुटुंबातला: कमावणारे दहा, तिजोरीची किल्ली एकाकडे.

कुणी एकाने बेसुमार खर्च करून बाकीच्यांना बुडवू नये, हा यातला उघड हेतू. दुसरा हेतू तितकाच महत्त्वाचा होता. अमेरिकेतल्या मक्तेदारीविरोधी कायद्याने प्रतिस्पर्धी धंदेवाल्यांनी संगनमत करून पगार दाबणे गुन्हा ठरते. पण सगळे संघ एकाच कंपनीचे असतील तर कंपनी स्वतःशीच संगनमत कसे करणार? फेब्रुवारी १९९७ मध्ये खेळाडूंनी नेमके याच मुद्द्यावर कोर्ट गाठले. ही कंपनी नावापुरती आहे, आत वेगवेगळे मालकच बसले आहेत आणि आमच्यासाठी बोली लागू नये म्हणून हा सगळा देखावा आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

खटला बोस्टनच्या संघराज्य न्यायालयात चालला. डिसेंबर २००० मध्ये ज्यूरीने लीगच्या बाजूने कौल दिला, पण ज्या कारणाने दिला ते नीट पाहायला हवे. रचना खरी की खोटी, याचा निकाल ज्यूरीने लावलाच नाही. खेळाडूंची बाजारपेठ अमेरिकेच्या पहिल्या श्रेणीपुरती मर्यादित आहे हे फिर्यादींना सिद्ध करता आले नाही, इथेच दावा अडला. सॉकर खेळाडू इंग्लंडला जाऊ शकतो, मेक्सिकोला जाऊ शकतो, खालच्या लीगमध्येही खेळू शकतो. अमेरिकन फुटबॉलवाल्याला तशी दुसरी जागा नाही. मार्च २००२ मध्ये अपील कोर्टाने हा निकाल कायम केला. मात्र ही रचना एकसंध कंपनी आणि प्रतिस्पर्ध्यांची सहकारी व्यवस्था यांच्या मधली कुठलीतरी आहे, अशी टिप्पणी केल्यावाचून ते कोर्टही राहिले नाही.

लीग जिंकली. पण ज्या युक्तिवादावर जिंकली तो तिच्या प्रेक्षकांनाही तंतोतंत लागू पडतो, हे तेव्हा फार कुणी बोलले नाही. खेळाडूला सारे जग मोकळे असेल तर प्रेक्षकालाही आहे. बेसबॉलचा शौकीन देशी लीग सोडून जाणार कुठे? सॉकरच्या शौकिनाला मात्र शनिवारी सकाळी इंग्लंडचा सामना मिळतो आणि रात्री मेक्सिकोचा. मेक्सिकोची लीग वर्षानुवर्षे अमेरिकी टीव्हीवर सर्वाधिक बघितली जाणारी सॉकर लीग राहिली आहे. २०१३ पासून इंग्लिश लीग तिथल्या मोठ्या वाहिनीवर आली, आणि तिच्या २०२२ पासूनच्या सहा वर्षांच्या हक्कांसाठी सुमारे २७० कोटी डॉलर मोजले गेले. म्हणजे वर्षाला ४५ कोटी. देशी लीगला २०२३ पासूनच्या दहा वर्षांच्या करारात वर्षाला साधारण २५ कोटी मिळायचे ठरले. घरच्यापेक्षा परक्याचा भाव जास्त, तोही घरच्याच बाजारात.

सुरुवातीच्या वर्षांत लीगने स्वतःचे आणखी एक नुकसान करून घेतले. अमेरिकी माणसाला बरोबरी सोसत नाही असे गृहीत धरून बरोबरीवर तोडगा काढला गेला: खेळाडू गोलपासून ३५ यार्डांवर चेंडू घेऊन उभा, समोर गोलकीपर, आणि गोल करायला पाच सेकंद. घड्याळ ४५ वरून शून्याकडे उलटे चाले. कॅन्सस सिटीच्या संघाचे नाव पहिल्या हंगामात चक्क ‘विझ’ होते. सामने अमेरिकन फुटबॉलच्या अवाढव्य स्टेडियममध्ये, हिरवळीवर दुसऱ्या खेळाच्या रेषा तशाच. ज्याला सॉकर आवडत नव्हता तो या करामतींनी आला नाही, आणि ज्याला आवडत होता त्याला हा पोरखेळ वाटला. ३१,६८३ प्रेक्षकांसमोर सॅन होजेला ६ एप्रिल १९९६ ला सुरू झालेली लीग १९९९ संपताना उलटे घड्याळ आणि ते शूटआउट गुंडाळून मोकळी झाली, पण तोवर सरासरी गर्दी बरीच उतरली होती.

जानेवारी २००२ मध्ये फ्लोरिडातले दोन्ही संघ बंद केले गेले. पहिल्या पाच वर्षांतला तोटा २५ कोटी डॉलरच्या घरात असल्याचे तेव्हा सांगितले जाई. दहा संघ उरले आणि ते चालवणारे मालक तीन. एकट्या डेन्व्हरच्या उद्योगपतीकडे सहा. एकच माणूस सहा संघ चालवतो अशा लीगमध्ये चुरस खरी कशी मानायची, हा प्रश्न रास्तच. पण त्या वर्षी लीग उभी राहिली तीही याच रचनेमुळे, हे टीकाकारांनाही मान्य करावे लागते. मालकांनी एक विपणन कंपनी काढली, कुणी घ्यायला तयार नसलेले २००२ आणि २००६ विश्वचषकांचे इंग्रजी प्रक्षेपण हक्क स्वतःच विकत घेतले, आणि त्याच २००२ मध्ये अमेरिकेचा संघ मेक्सिकोला २-० हरवून उपांत्यपूर्व फेरीत गेला. नशिबाने हात दिला म्हणा, पण डाव मांडून ठेवला होता हेही खरे.

त्यानंतरचा काळ पैशाचा. १९९९ मध्ये कोलंबसला जत्रेच्या मैदानाशेजारी फक्त सॉकरसाठी बांधलेले लीगचे पहिले स्टेडियम झाले होते. त्याच धर्तीवर बाकीची उभी राहू लागली. २००७ मध्ये पगारमर्यादेला पळवाट काढून प्रत्येक संघाला एखादा बडा खेळाडू घ्यायची मुभा मिळाली आणि इंग्लंडचा माजी कर्णधार लॉस एंजेलिसला आला. त्याच लीगमधल्या नवख्या राखीव खेळाडूचा पगार त्या वर्षी १२,९०० डॉलर होता. वर्षाला. इंग्लिश पाहुण्याने करारात एक कलमही घालून घेतले होते: पुढे कधी नवा संघ काढायचा तर अडीच कोटी डॉलरमध्ये. २०२३ मध्ये सान दिएगोने प्रवेशासाठी ५० कोटी मोजले, यावरून त्या कलमाची किंमत कळावी. मायामीचा संघ त्यातूनच उभा राहिला.

रचनेची दुसरी बाजू दिसली ऑक्टोबर २०१७ मध्ये. कोलंबसच्या मालकाने संघ टेक्ससमधल्या ऑस्टिनला हलवायचा घाट घातला. लीगच्या पहिल्या दिवसापासूनचा संघ, पहिले स्टेडियम त्याचे, आणि चाहत्यांना पत्ता नाही. अमेरिकेत हे नवे नव्हते. सॅन होजेचा संघ २००५ अखेरीस ह्यूस्टनला गेलाच होता. (पुणेकरांनाही याचे नवल नको. २०१४ मध्ये सुरू झालेली आपली इंडियन सुपर लीग अशीच, विकत घेतलेल्या जागांची. २०१९ मध्ये पुण्याचा संघ गुंडाळला गेला आणि ती जागा हैदराबादला गेली. बालेवाडीत रविवारी जाणाऱ्यांना कुणी विचारले नाही.) कोलंबसचे लोक मात्र हटले नाहीत. क्लीव्हलँडचा अमेरिकन फुटबॉल संघ बाल्टिमोरला गेल्यानंतर ओहायोने १९९६ मध्ये एक कायदा केला होता: करदात्यांच्या पैशावर वाढलेला संघ हलवायचा तर सहा महिने आधी सूचना द्या आणि स्थानिकांना तो विकत घ्यायची संधी द्या. राज्य आणि शहर त्या कायद्यावर कोर्टात गेले, स्थानिक खरेदीदार पुढे आले आणि संघ राहिला. २०२० मध्ये त्याने अजिंक्यपदही जिंकले. ज्या मालकाने संघ हलवायचे ठरवले होते त्याला ऑस्टिनमध्ये नवा संघ मिळाला. लीगच्या घरात कुणी फारसा उपाशी राहत नाही.

याच रचनेमुळे अडलेली दुसरी गोष्ट म्हणजे बढती आणि पदावनती. जगभर तळाचे संघ खालच्या श्रेणीत जातात. अमेरिकेत जात नाहीत, कारण पन्नास कोटी डॉलर भरून घेतलेली जागा एका वाईट हंगामात गमवायला कोण तयार होईल? २०१७ मध्ये एका प्रक्षेपण दलाल कंपनीने ही पद्धत आणलीत तर दहा वर्षांत ४०० कोटी डॉलर देऊ असे कळवले. लीगने नकार दिला. ती कंपनीच पुढच्या वर्षी बुडाली, म्हणून नकार शहाणपणाचा ठरला, पण कारण ते नव्हते. खालच्या दोन क्लबांनी लोझानच्या क्रीडा लवादापर्यंत धडक मारली. २०२० मध्ये तिथेही निराशाच पदरी आली.

महिलांच्या खेळाची गोष्ट वेगळी आहे आणि ती इथे अपुरीच सांगता येईल. १९७२च्या कायद्याने महाविद्यालयांत मुलींना समान संधी दिली, त्यातून जगातला सर्वांत बलाढ्य संघ तयार झाला. १९९९च्या महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला पासाडेनात ९०,१८५ प्रेक्षक होते. तरी व्यावसायिक लीग दोनदा, २००३ आणि २०१२ मध्ये, कोसळली. २०१३ पासूनची तिसरी टिकली.

जुलै २०२३ मध्ये अर्जेंटिनाचा विश्वविजेता कर्णधार मायामीत आला आणि पहिल्याच सामन्यात, ९० मिनिटांनंतरच्या भरपाई वेळेत, फ्री किकवर गोल करून गेला. तिकिटांचे दर चढले, गुलाबी जर्सी सगळीकडे दिसू लागल्या, न्यू जर्सीतल्या मराठी घरांतल्या मुलांच्या अंगावरही. डिसेंबर २०२५ मध्ये मायामीने अजिंक्यपद जिंकले. सामने मात्र वेगळे पैसे भरून बघायच्या इंटरनेट सेवेवर होते, त्यामुळे वाटेवरचा प्रेक्षक सहज आत शिरेना. २०२६ पासून ते वेगळे शुल्क काढून टाकले गेले. मैदानावरची सरासरी गर्दी २०२४ मध्ये २३ हजारांच्या वर होती, आणि हा आकडा कुणालाही अभिमान वाटावा असा आहे. पण आवडता खेळ कोणता, या वर्षानुवर्षे विचारल्या जाणाऱ्या सर्वेक्षणात सॉकर २०१७ मध्ये ७ टक्क्यांवर होता, २०२३ मध्ये ५ टक्क्यांवर. अमेरिकन फुटबॉल ३७ वरून ४१ वर गेला.

वेळापत्रकाच्या निर्णयाकडे या सगळ्यासकट बघायला हवे. युरोपशी हंगाम जुळला की खेळाडूंची खरेदी-विक्री सोपी होईल आणि अंतिम फेऱ्या अमेरिकन फुटबॉलच्या ऐन हंगामातून बाहेर निघतील, ही त्यामागची कारणे. मिनेसोटा, शिकागो, टोरंटोच्या थंडीसाठी डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत सुट्टी ठेवली आहे, आणि जुन्या-नव्याची सांधेजोड म्हणून २०२७ मध्ये फेब्रुवारी ते मे असा छोटा हंगाम होईल. दरम्यान मार्च २०२५ मध्ये खालच्या श्रेणीतल्या संघटनेच्या क्लबांनी आपापसात बढती-पदावनती आणायचा ठराव केला, तोही २०२७-२८ पासूनच. त्या शिडीची वरची पायरी त्यांच्याच नव्या पहिल्या श्रेणीपर्यंत जाईल. तीस संघांच्या जुन्या लीगमध्ये जायला तिथून वाट नाही.