उबपात्राची अफवा (इ. स. १६८८)

इंग्लंडचा राजा दुसरा जेम्स याला १० जून १६८८ रोजी झालेला मुलगा राणीच्या पोटचा नाही, अंथरूण उबवायच्या लांब दांड्याच्या भांड्यात लपवून आणलेले ते परके मूल आहे, असा प्रचार प्रोटेस्टंट गोटातून झाला. मूल राणीचेच होते, याविषयी आज इतिहासकारांना शंका नाही.

जेम्स कॅथलिक होता. मात्र पहिल्या पत्नीपासून झालेल्या मेरी आणि अ‍ॅन या मुली प्रोटेस्टंट होत्या. जेम्सनंतर मेरी गादीवर येईल, या आशेवर बहुसंख्य प्रोटेस्टंट प्रजा कळ काढत होती. दुसरी राणी मोडेनाची मेरी हिची आधीची मुले जगली नव्हती. गादीवर मुलाचा हक्क मुलींच्या आधी असे; तिला मुलगा झाला आणि कॅथलिक राजांची परंपराच सुरू होणार असे दिसू लागले. कॅथलिकांसह इतर पंथीयांना मोकळीक देणाऱ्या राजाच्या धर्मसवलतीच्या जाहीरनाम्याला हरकत घेणारे सात बिशप दोनच दिवसांपूर्वी लंडनच्या टॉवरमध्ये डांबले गेले होते, त्यामुळे लोक आधीच खवळलेले होते.

बाळंतपणाला पुष्कळ माणसे हजर होती, पण कॅथलिकांच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवेना. ज्यांचा शब्द प्रोटेस्टंटांनी मानला असता, त्यांपैकी राजकन्या अ‍ॅन बाथ शहरी गेलेली, तर इंग्लंडच्या चर्चचे प्रमुख धर्मगुरू, कँटरबरीचे आर्चबिशप, त्या सात बिशपांबरोबर कैदेत. मूल राजवाड्यात कोणत्या वाटेने आणले ते दाखवणारा नकाशासुद्धा छापला गेला. राजकन्या मेरीचा नवरा, नेदरलंड्सचा प्रोटेस्टंट नेता ऑरेंजचा विल्यम, याने इंग्लंडवरच्या स्वारीपूर्वी काढलेल्या जाहीरनाम्यात या जन्माची संसदेकडून चौकशी व्हावी अशी मागणी केली.

२२ ऑक्टोबरला जेम्सने चाळीसहून अधिक साक्षी नोंदवून घेतल्या आणि त्या छापल्या. साक्षीदारांत जेम्सचा भाऊ आणि आधीचा राजा दुसरा चार्ल्स याची विधवा, ब्रागांझाची कॅथरीनही होती. तिच्याच विवाहाच्या तहात मुंबई इंग्रजांना मिळाली होती. आपल्या राणीच्या प्रसूतीचे तपशील राजाला चव्हाट्यावर मांडावे लागले, यातच त्याची हार दिसते.

अफवा टिकली ती पुराव्यावर नव्हे, सोयीवर. वारसाहक्क पवित्र मानणाऱ्या टोरींना (राजनिष्ठ राजकीय गटाला) राजपुत्र नाकारायचा होता, पण तत्त्व सोडायचे नव्हते. मूलच खोटे ठरले की दोन्ही साधत होते.

विल्यम ५ नोव्हेंबरला इंग्लंडच्या किनाऱ्यावर टॉर्बे येथे उतरला आणि डिसेंबरात जेम्स फ्रान्सला पळाला. मग चौकशीचे नावही कोणी काढले नाही. १६८९ च्या कायद्याने कॅथलिकांना, तसेच कॅथलिकाशी विवाह करणाऱ्यांना गादी बंद झाली; मूल खरे की खोटे, याला अर्थच उरला नाही. त्या मुलाच्या हक्कासाठी १७१५ आणि १७४५ मध्ये झालेले उठाव फसले.